देवीच्या फोटोआड

भीमाबाईंना वाचता येत नव्हतं. पण बोलता येत होतं, आणि तेवढ्यावर त्यांचं आयुष्यात फारसं काही अडलं नव्हतं. जुईखार गावात त्या ओसरीवर बसून बोलल्या की चार घरं पलीकडे वेणूच्या चुलीपाशी ऐकू जायचं. वेणू तिथूनच उत्तर द्यायची. मधल्या घरांतली माणसंही वाटलं तर आपलं मत घालायची, आणि न वाटलं तरी घालायची.

मग विमानतळ आला आणि जुईखार उठलं. भीमाबाईंच्या वाट्याला करंजाड्यातला चौथा मजला आला, वेणूच्या वाट्याला उलव्यातला सातवा. सातव्या मजल्यावरून कुणी कितीही ओरडलं तरी करंजाड्याला काय ऐकू जाणार? भीमाबाईंचा मुलगा धनेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर, सून अंकिता पनवेलच्या एका लॅबमध्ये. दिवसभर घरात भीमाबाई आणि फ्रिज. फ्रिज अधूनमधून घुरघुरायचा, पण त्याच्याशी बोलण्यात राम नव्हता.

शेवटी अंकितानं सासूच्या हातात फोन दिला. "आई, ह्या वेणूमावशी," तिनं फोटो दाखवला. फोटोत वेणू दोन्ही हातांत भलामोठा जिताडा धरून उभी होती, मासा आणि ती दोघंही सारखीच खूश. "ह्यावर बोट ठेवायचं, मग हा माइक दाबून धरायचा, बोलायचं आणि सोडायचं. माइक निळा झाला की समजा, तिकडं ऐकलं."

भीमाबाई एका दुपारीत शिकल्या. माइक दाबून धरण्यात त्यांना काहीच जड गेलं नाही. सोडणं तेवढं जड जायचं.

गावाचा ग्रुपही होता, 'जुईखार ग्रामस्थ'. विखुरलेलं गाव त्यात पुन्हा एका जागी बसलं होतं आणि सकाळ-संध्याकाळ एकमेकांना फुलं पाठवत होतं. नवरात्राच्या तोंडावर त्यात कुणीतरी कल्पना काढली, की गाव गेलं तरी गावदेवी आपली आहे, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या फोटोच्या जागी देवीचा फोटो लावावा. जुईखारकरांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं म्हणजे आक्रीतच, पण ह्यावर झालं. म्हाताऱ्यांनी पोरांच्या, सुनांच्या मागं लागून संध्याकाळच्या आत फोटो बदलून घेतले. अंकितानंही सासूचा बदलून दिला.

घटस्थापनेच्या दिवशी भीमाबाईंनी फोन उघडला तर जिताडा गायब. वरपासून खालपर्यंत देवी, देवी आणि देवीच. आधी त्यांनी प्रत्येकीला हात जोडले. मग प्रश्न पडला, की ह्यातली वेणू कुठली? अंकिता कामाला गेली होती. सगळ्यात वरच्या देवीकडून नुकताच एक फुलांचा फोटो आला होता. वेणू तर नेहमीच सगळ्यात वर असायची. म्हणजे ही वेणूच. भीमाबाईंनी माइक दाबला.

"वेणू ग, दिसलीस बाय. माशाच्या जागी देवी झालीस, बरा झाला. आता आयक..."

तिकडून उत्तरादाखल जोडलेले हात आले. बोलणं नाही. त्याचंही भीमाबाईंना नवल वाटलं नाही, कारण वेणूनं आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं की डॉक्टर तिचे उरलेसुरले सगळे दात काढणार आहेत, आणि नवी कवळी येईपर्यंत ती फोनवरही तोंड उघडणार नाही. बोळक्या तोंडानं बोललेलं तिला स्वतःलाच आवडत नसे. भीमाबाईंना तर हे फारच सोयीचं पडलं. मध्ये न बोलणारी वेणू त्यांना सबंध आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

मग काय विचारता! तोंडाचा पट्टा सुटला तो सुटला. लिफ्टमध्ये कुत्रं घेऊन येणाऱ्या बाईबद्दल झालं, धनेशच्या वाढत्या पोटाबद्दल झालं, अंकिता भाजीत गूळ घालते त्याबद्दल तर तीन वेळा झालं. अंकिताबद्दल बोलताना त्या बाल्कनीत जात आणि दार लोटून घेत. माइक निळा होई, जोडलेले हात येत, कधी फूल येई. दसरा गेला, पण देव्या कुणी काढल्या नाहीत. लावताना पोरं सापडली होती, काढायला कोण रिकामं होतं?

आणि एकदा बोलत सुटलं की माणूस जिथं जायचं नाही तिथं जातंच. भीमाबाई काशिरामपर्यंत पोचल्या.

काशिराम त्यांचा धाकटा, एकुलता एक भाऊ. आई मिठागरात कामाला जायची तेव्हा ह्याला कडेवर घेऊन भीमाबाई बांधावर बसत. त्याचं नाक त्यांनी पुसलं, त्याचं लग्न त्यांनी जमवलं. आणि गाव उठायच्या वेळी देवळात सगळ्यांनी ठरवलं होतं, की कुणी एकट्यानं घर मोडायचं नाही, जायचं तर एका दिवशी सगळं गाव जाईल. ते ठरलं आणि आठवड्याभरात काशिरामनं कौलं उतरवून टेम्पोत भरली. गावातला पहिला. टेम्पो नाक्यावर आला तेव्हा भीमाबाई आडव्या उभ्या राहिल्या आणि सगळ्या गावादेखत ओरडल्या, "आजपासून मना भाव नाय! आयकला का सगल्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं. जुईखारच्या नाक्यावर बोललेला शब्द स्टँपपेपरपेक्षा पक्का मानला जाई. पुढं काही महिन्यांत सगळंच गाव उठलं, भीमाबाईही उठल्या, नाकाही गेला, पण शब्द काही गेला नाही. काशिराम करंजाड्यातच राहत होता, चार गल्ल्या पलीकडे. बाजारात त्याची छत्री लांबून दिसली की भीमाबाईंना अचानक कोथिंबीर घ्यायची आठवण होई, आणि त्या पाठ करून उभ्या राहत.

"वेणू ग," दिवाळीच्या आधी एका दुपारी त्या बाल्कनीत बसून म्हणाल्या, "कोनाला सांगू नको. दर साली भाऊबीजेला मी चंद्राला ओवालते. जिला भाव नाय ती बाय ओवालते ना, तशी. पन मना लाज वाटते ग. त्यो चंद्र बोलत असल, चार गल्ल्या पलीकडं तुजा भाव टीवी बगत बसलाय, न् मना कशाला ओवालतस? काय करू? रागाच्या भरात बोल्ली मी. सगल्या गावासमोर बोल्ली. आता ता परत कसा गिलू?"

माइक निळा झाला. पण हात आले नाहीत, फूल आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच फूल आलं. वेणूच्या हिरड्या दुखत असतील म्हणून भीमाबाईंनी तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, आणि तिचं मन रमावं म्हणून काशिरामच्या लहानपणची गोष्ट काढली. शाळेचे मास्तर घरी आले म्हणून हा मिठाच्या राशीमागं लपला होता, आणि मास्तर राशीपाशीच येऊन उभे राहिले... इतक्यात अंकिता आली. भीमाबाईंनी बोट सोडलं. गोष्ट तशीच राहिली.

त्या शनिवारी दुपारी फोन वाजला. साधा फोन, मेसेज नव्हे.

"भीमे!" वेणूच होती, आणि प्रत्येक शब्दामागं कवळी टकटकत होती. "माजं दात बसलं! पन तुजा तोंड कुनी शिवलाय का? घट बसल्यापासून एक शब्द नाय धाडलास. रुसलीस का माज्यावर?"

भीमाबाईंनी फोन कानापासून काढून बघितला आणि परत लावला.

"मी... रोज तर बोलते तुज्याशी."

"माज्याशी? बाय, दात माजं गेलेलं, कान नाय!"

फोन ठेवल्यावर भीमाबाई पलंगावर बसल्या. बराच वेळ त्यांना लिफ्टवाली बाई, धनेशचं पोट, गूळ आणि चंद्र एकापाठोपाठ एक आठवत राहिले. हे सगळं कुणीतरी ऐकलं होतं. कुणीतरी रोज ऐकून हात जोडत होतं. नाव वाचायला अंकिताला सांगावं, तर तिनं गुळाचं ऐकलं म्हणजे? भीमाबाईंनी चपला घातल्या आणि तडक खालच्या मजल्यावर गेल्या.

खाली हेप्झिबाबाई राहत. निवृत्त शिक्षिका, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या. त्यांची बहीण, भाचे, जुन्या विद्यार्थिनी, निम्मं गोत इस्रायलला गेलेलं. दर रविवारी त्या टॅबलेटसमोर बसून बहिणीशी तासन् तास मराठीत भांडत, त्यामुळे इंटरनेटच्या बाबतीत सगळ्या बिल्डिंगमध्ये त्यांचा शब्द शेवटचा होता.

"बाई, ही देवी कोन हाय ता वाचा," भीमाबाईंनी फोन पुढं केला.

हेप्झिबाबाईंनी हात मागं घेतला. "भीमाताई, आज शनिवार. आमचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. आज मी फोनला हात लावत नाही."

"माजा जीव जायाची येल आलीय, बाई!"

हेप्झिबाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग चष्मा चढवला. "हात लावणार नाही म्हटलं, बघणार नाही असं कुठं म्हटलं? तुम्ही धरा. थोडा वर. आता बोट फिरवा... हं." त्या आणखी जवळ वाकल्या. "ह्यांना तुम्ही एवढे मेसेज पाठवलेत? वर नाव आहे, काशिराम मामा."

भीमाबाई तिथंच जिन्यात बसल्या.

त्यांना आधी लाज वाटली, मग राग आला. रागाशी त्यांची जुनी ओळख, तो त्यांना बरा वाटला. घरी येऊन त्यांनी माइक दाबला आणि मेल्या, चोरा, कानफाट्या अशी सुरुवात करायला तोंड उघडलं. पण आवाजच फुटेना. इतके दिवस न थांबता बोललेली बाई, आता समोर कोण आहे ते कळलं तर एक अक्षर निघेना. बोट सुटलं. नुसता श्वास आणि मागून कुकरची शिट्टी, एवढाच मेसेज गेला.

माइक लगेच निळा झाला. जणू तिकडं कुणी फोन हातात धरूनच बसलं होतं. आणि ह्या वेळी हात आले नाहीत, आवाज आला.

"बाय," काशिराम म्हणाला. तोच आवाज. नाक्यावरच्या दिवसानंतर भीमाबाई तो पहिल्यांदा ऐकत होत्या. "आज गप का? मिठाच्या राशीमागं मी लपलेलो, मास्तर आलं, पुढं काय झाला ता तरी सांग. मना आठवत नाय."

भीमाबाईंनी पदर तोंडात धरला. मग माइक दाबला, आणि आता मात्र आवाज चांगला सापडला.

"चोरून आयकतस व्हय रे? लाज नाय वाटत?"

"चोरून कवा आयकला? तूच धाडलास."

"मग बोल्ला का नाय, मी काशा हाय म्हनून?"

"बोल्लो असतो तर तू बोलायची थांबली असतीस. पयल्या दिशी फुलांचा फोटू मीच धाडलेला, बाय. वाटला, तू बगशील न् पुसून टाकशील. आन् तू बोलाया लागलीस, ता बी वेणू म्हनून. मना वाटला, वेणू तर वेणू."

भीमाबाई रडल्या. अगदी मनसोक्त, नाक ओढत रडल्या, आणि रडून झाल्यावर त्यांना भूक लागली. चहाबरोबर दोन खाऱ्या खाऊन त्यांनी मास्तरांची गोष्ट पुरी केली, आणि शेवटी कशीबशी म्हणाल्या, "भाऊबीजेला ये. कोलंबीचा कालवन करते."

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. भीमाबाईंनी फोन इतक्या वेळा उघडून पाहिला की अंकितानं विचारलं, "आई, कुणाची वाट बघताय?" त्या "गॅसवाल्याची" म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी काशिराम बोलला. आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"येवाचा मन हाय, बाय. पन तू मना सगल्या गावासमोर तोडलास. आता मी जिन्यानी गपचूप येऊ, गपचूप खाऊ, न् गपचूप घरी जाऊ? तसा नाय जमायचा. अजून लोक मना इचारतात, तुला बहीन हाय का रे? सांग, मी काय सांगू?"

भीमाबाईंनी तो मेसेज पुन्हा लावून ऐकला. त्याचं खरं होतं, हीच पंचाईत होती. आणि त्यांचंही खरं होतं. काशिरामनं देवळातला शब्द मोडला होता, ते त्यांना आजही पटलं नव्हतं, मरेपर्यंत पटणार नव्हतं. पण शब्द मोडणारा भाऊ हा भाऊच असतो, एवढं त्यांना नाक्यावर सुचलं नव्हतं. नाका आता कुठून आणायचा? तिथून विमानं उडत होती.

संध्याकाळी अंकिता आली तेव्हा भीमाबाई फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अंकिता, ह्या देव्यांत गाव कुठला हाय? मना गावाशी बोलायचाय."

"ग्रुपवर? काय बोलायचंय?"

"तू काडून दे. न् हितंच बस. पन त्याच्या आदी एक सांगते. मी तुज्या गुलाबद्दल काशाला सांगितलाय. तीन येला. ता उद्या कुठनं कानावर आला तर तोंड फुगवू नको."

अंकितानं खांद्यावरची पर्स खाली ठेवली. "मामांना? तुम्ही मामांशी बोलताय?" मग तिला हसू फुटलं. "आणि मामा काय म्हणाले गुळाचं?"

"त्याला बी आवडतो म्हने. त्याला पयल्यापासून चव नाय."

अंकितानं ग्रुप काढून दिला. भीमाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, गावासमोर उभं राहताना घ्यायच्या तसा, आणि माइक दाबला.

"मी भीमाबाय बोलते. वरच्या आलीची. सगल्यांनी आयका. मी नाक्यावर बोल्लेली, मना भाव नाय. तुमी सगल्यांनी आयकलेला. ता मी आज मागं घेते. मना भाव हाय. काशिराम त्याचा नाव. त्यो पयला गेला ता चुकलाच, ता मी मागं घेत नाय. पन भाव हाय. भाऊबीजेला त्यो माज्या घरी जेवाला येनार. आयकला का सगल्यांनी?"

बोट सुटलं. सासू-सून दोघी फोनकडे बघत बसल्या. ग्रुपवर कुणीच काही बोलेना. एरवी एक फूल टाकलं तर वीस फुलं येणारा ग्रुप, आणि आता चिटपाखरू नाही. भीमाबाईंनी डोक्यावरचा पदर पुन्हा सारखा केला. मग एक आवाज आला, गावासमोर, उघड.

"आयकला," काशिराम म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "किती वाजता येऊ, बाय?"

त्यानंतर मात्र ग्रुपला उधाण आलं. फुलं, हात, फटाके, रडकी तोंडं, हसरी तोंडं. अंकिता वाचून दाखवता दाखवता थकली.

आता ह्यात एक घोटाळा झाला, आणि तो जुईखारकरांच्याच हातून होऊ शकतो. जुईखारमध्ये नाक्यावर कुणी सांगितलं की अमक्या दिवशी माझ्याकडे अमुक आहे, तर ते साऱ्या गावाला आमंत्रण असे. वेगळं बोलावणं लागत नसे. भाऊबीजेच्या संध्याकाळी भीमाबाईंच्या बिल्डिंगखाली रिक्षा येऊ लागल्या. उलव्याहून वेणू आली, नव्या कवळीसकट हसत. वरच्या आळीचे आले, खालच्या आळीचे आले. वॉचमननं वहीत नावं लिहायचा प्रयत्न करून सोडून दिला. लिफ्टला दोनदा वर-खाली केल्यावर घाम फुटला आणि ती तिसऱ्या मजल्यावर बसली. हेप्झिबाबाईंनी आपल्या घरच्या खुर्च्या वर पाठवल्या. कोलंबी चौघांची होती. अंकितानं पदर खोचला आणि धनेशला तांदळाच्या पिठाला पिटाळलं.

त्या गर्दीतून काशिराम बायकोबरोबर दारात आला. हातात पिशवी, अंगात नवा सदरा. लोकांनी वाट करून दिली. बैठकीच्या खोलीत पाट मांडला होता, त्यावर तो बसला आणि त्यानं टोपी सारखी केली. वेणू सगळ्यांना सारून पुढं येऊन उभी राहिली.

भीमाबाई तबक घेऊन पुढं आल्या. टिळा लावायला वाकल्या आणि त्यांचा हात थांबला. फोनवरचा आवाज जुनाच होता, नाक्यावरून गेला तसाच, म्हणून त्यांनी मनात तोंडही तेच धरलं होतं. आता एवढ्या जवळून पाहिलं तर भुवया पांढऱ्या झालेल्या, गाल बसलेले, कपाळावर कुंकू लावायला गेलं तर बोट सुरकुतीत अडकावं. हे सगळं त्या कोथिंबिरीकडे बघत असताना झालं होतं.

"म्हातारा झालास रे, काशा," भीमाबाई म्हणाल्या. सगळ्या खोलीनं ऐकलं.

काशिरामनं मान वर केली. "येल कुनी लावला, बाय?"

भीमाबाईंनी डोळे पुसले नाहीत, दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी त्याच्या कपाळी कुंकवाचं बोट टेकवलं, त्यावर तांदूळ दाबले, आणि तबक उचलून त्याला ओवाळायला लागल्या. गाव बघत होतं.